मेहेरबानीची जमीन आणि हक्काचा कायदा : बुश पिता-पुत्रांची कहाणी

(संस्थेच्या अभ्यासवर्गात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील ज्या लोकांनी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला, त्यांना जोतीरावांनी तो अर्पण केला, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु ज्यांच्या मुक्तीसाठी तो लढा झाला, ती कृष्णवर्णीय माणसे त्या काळात काय करीत होती? शेती करीत होती का? त्यांच्या नावावर जमीन होती का? त्यांच्यापैकी कोणी निवडून येऊन कायदे करीत होते का? याविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. म्हणून आज मी एका शेतकरी कुटुंबाची हकीकत आपल्यापुढे ठेवणार आहे. बापाने जंगल-माळरानावर पहिला नांगर धरला आणि मुलगा त्याच मातीतून उठून विधिमंडळात जाऊन बसला.

बापाचे नाव जॉर्ज बुश. हे नाव ऐकताच विद्यार्थ्यांना अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष आठवतील. हे जॉर्ज बुश त्या घराण्यातले नव्हेत. यांचे पूर्ण नाव जॉर्ज वॉशिंग्टन बुश. पेनसिल्व्हेनिया प्रांतात जन्मलेला हा माणूस आफ्रिकी वंशाचा, पण गुलाम नव्हे, स्वतंत्र होता. मिसुरी प्रांतात त्यांनी शेती आणि गुरांचा व्यवसाय करून चार पैसे गाठीला बांधले. त्यांची पत्नी इझाबेला ही जर्मन वंशाची गोरी स्त्री. १८३२ साली त्यांना पहिला मुलगा झाला. त्याचे नाव विल्यम ओवेन. पुढे आमदार झाले ते हेच ओवेन बुश.

मिसुरी हा गुलामगिरी मानणारा प्रांत. तिथे स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाने कितीही कमावले तरी त्याच्या मानेवर टांगती तलवार असायची. त्याच सुमारास पॅसिफिक महासागराच्या बाजूला ऑरेगॉन नावाच्या मुलखात नवीन जमीन मिळते, अशी हवा होती. १८४४ साली बुश कुटुंब निघाले. बरोबर मायकेल सिमन्स नावाचे त्यांचे गोरे मित्र आणि आणखी काही कुटुंबे होती. सुमारे दोन हजार मैलांचा प्रवास, तोही बैल जुंपलेल्या छपराच्या गाड्यांतून. नद्या, डोंगर, ओसाड पठारे, असे महिनोन् महिने चालायचे. बुश यांच्याजवळ पैसा होता. ज्यांच्याजवळ नव्हता अशा सहप्रवाशांना त्यांनी आपल्या पदरचे देऊन मदत केली. थोरला ओवेन त्या वेळी बारा वर्षांचा होता.

वाटेत बुश यांनी एका सहप्रवाशाजवळ आपले मन मोकळे केल्याची नोंद त्या सहप्रवाशाच्या आठवणींत आहे. ऑरेगॉनमध्ये आपल्याला स्वतंत्र माणसाचे हक्क मिळाले नाहीत, तर आपण तिथे थांबणार नाही, मेक्सिकोच्या राज्यात जाऊ, असे ते म्हणाले होते. म्हणजे गाडीत बियाणे, अवजारे आणि लेकरे घेऊन चाललेला हा शेतकरी जमिनीचा कस विचारण्याआधी तिथला कायदा कसा आहे हे विचारीत होता.

आणि कायदा तसाच निघाला! १८४४ च्या जून महिन्यात ऑरेगॉनच्या हंगामी सरकारने एक कायदा केला. त्यात एकीकडे गुलामगिरीला बंदी होती. वाचून बरे वाटते. पण त्याच कायद्यात पुढे असे होते की, स्वतंत्र झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषाने दोन वर्षांत आणि स्त्रीने तीन वर्षांत तो मुलूख सोडला पाहिजे. न सोडल्यास २० ते ३९ फटके, आणि तरीही न गेल्यास दर सहा महिन्यांनी पुन्हा फटके! गुलामगिरी नको, पण गुलामगिरीतून सुटलेला माणूसही शेजारी नको, असा तो न्याय होता. हा कायदा प्रत्यक्ष अमलात येण्याआधीच १८४५ साली रद्द झाला हे खरे. पण मनातला कायदा रद्द झाला नव्हता. १८४९ साली तशाच प्रकारचा कायदा पुन्हा झाला. १८५७ साली ऑरेगॉनच्या घटनेत कृष्णवर्णीयांना प्रवेशबंदी करणारे कलम गोऱ्या मतदारांनी स्वतः मतदान करून घातले, आणि ते कलम घटनेतून काढून टाकायला १९२६ साल उजाडावे लागले.

अशा वेळी सिमन्स आणि इतर गोऱ्या कुटुंबांनी काय केले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांना दक्षिणेकडची तयार सुपीक जमीन मिळू शकत होती. पण बुश जिथे राहू शकत नाहीत तिथे आपणही राहायचे नाही, असे ठरवून ही मंडळी त्यांच्याबरोबर कोलंबिया नदी ओलांडून उत्तरेला गेली. त्या भागावर त्या वेळी इंग्लंड आणि अमेरिका दोघांचाही दावा होता. तिथे कारभार चालत होता तो इंग्रजांच्या हडसन्स बे कंपनीचा. ऑरेगॉनच्या हंगामी सरकारचा हात तिथवर फारसा पोचत नव्हता. १८४५ च्या नोव्हेंबरमध्ये प्युजेट साउंड या समुद्रखाडीच्या दक्षिण टोकाला, आज जिथे टमवॉटर हे शहर आहे तिथे, त्यांनी वस्ती केली. खाडीच्या परिसरातली अमेरिकनांची ही पहिली कायम वस्ती. बुश यांनी जो माळ फोडला त्याला लोक 'बुश प्रेअरी' म्हणू लागले आणि तेच नाव पुढे रूढ झाले.

पहिली वर्षे कष्टाची गेली. कुंपण घालायचे, नांगरट करायची, गुरे राखायची. धबधब्याच्या पाण्यावर चालणारी पिठाची चक्की आणि नंतर लाकूड कापण्याची गिरणी वस्तीने उभी केली, त्यात बुश यांचा वाटा होता. आजूबाजूला निस्क्वाली या मूळ रहिवाशांची गावे होती. त्यांच्याशी बुश कुटुंबाचे चांगले जमले. मुलांना त्यांची भाषा बोलता येऊ लागली. १८४७ साली जन्मलेल्या सहाव्या मुलाच्या नावात तर आई-बापांनी 'निस्क्वाली' हाच शब्द घातला.

१८५२ साली त्या भागात धान्याचा तुटवडा पडला. नवीन वस्तीकरूंचे लोंढे येत होते आणि घरात दाणा नव्हता. व्यापारी बुश यांच्या दारात आले. सगळे धान्य द्या, मागाल तो भाव देतो, म्हणाले. बुश यांनी नकार दिला. शेजाऱ्यांना खायला आणि पेरायला पुरेल एवढे धान्य आपण राखून ठेवणार, असे त्यांनी सांगितले. ज्याच्याजवळ पैसे नव्हते त्यालाही त्यांनी धान्य दिले, जमेल तेव्हा परत करा म्हणून. मित्रहो, मी बँकेत काम करणारा माणूस आहे. तुटवड्याच्या वर्षी ज्याच्या कोठारात माल असतो त्याच्या हातात किती ताकद असते, हे मला आकड्यांवरून कळते. ती ताकद बुश यांनी कशासाठी वापरली हे आपण पाहिले.

आता या कहाणीतल्या मुख्य गोष्टीकडे येतो. १८४६ साली इंग्लंड-अमेरिका करार झाला आणि तो सारा भाग अमेरिकेकडे आला. म्हणजे ज्या कायद्याला टाळण्यासाठी बुश नदी ओलांडून आले, तो कायदा त्यांच्या मागोमाग नदी ओलांडून आला! १८५० साली अमेरिकन काँग्रेसने जमीनवाटपाचा कायदा केला. आधीपासून वसलेल्या विवाहित जोडप्याला ६४० एकर जमीन मोफत मिळणार होती. पण कोणाला? कायद्यात स्पष्ट लिहिले होते : गोऱ्यांना, आणि ज्यांच्या आईबापांपैकी एक मूळ रहिवासी आहे अशांना. कृष्णवर्णीयाला नाही. बुश पाच वर्षे ती जमीन कसत होते. गावाला पोसत होते. पण कागदावर त्या जमिनीचे ते कोणीच नव्हते.

आपल्याकडे पीककर्जाला शेतकरी येतो तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न सातबाऱ्याचा निघतो. जमीन कोण नांगरतो हे सगळ्या गावाला माहीत असते. पण उताऱ्यावर नाव नसेल तर बँकेच्या लेखी तो शेतकरीच नसतो. ज्याच्या नावावर कागद नाही त्याला कर्ज नाही, विकण्याचा अधिकार नाही, आणि उद्या कोणी उठवले तर दाद मागायला आधार नाही. बुश यांची अवस्था नेमकी अशी होती.

शेजारी मदतीला धावले. १८५३ साली वॉशिंग्टन हा वेगळा प्रदेश झाला आणि त्याच्या पहिल्याच विधिमंडळाने १८५४ साली काँग्रेसला विनंतीअर्ज पाठवला की, बुश कुटुंबाला त्यांची जमीन द्यावी. १८५५ च्या फेब्रुवारीत काँग्रेसने त्यांच्यासाठी खास कायदा करून ६४० एकर जमीन मंजूर केली. एका शेतकऱ्यासाठी देशाच्या संसदेने स्वतंत्र कायदा करावा, ही साधी गोष्ट नव्हे. शेजाऱ्यांचे ऋण त्यात फेडले गेले, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे.

परंतु थोडे थांबून विचार करा. त्या कायद्याने काय झाले? एका माणसाला सूट मिळाली. नियम तसाच राहिला. बुश यांच्या मागोमाग एखादा दुसरा कृष्णवर्णीय शेतकरी आला असता, त्याने धान्य वाटले नसते, त्याचे वजनदार गोरे मित्र नसते, तर त्याला काय मिळाले असते? काहीच नाही. चांगुलपणाचे प्रमाणपत्र दाखवून मिळालेली जमीन ही मेहेरबानी झाली. हक्क तो, जो साध्या, अनोळखी, प्रसंगी नावडत्या माणसालाही मिळतो. आणि त्या सुटीतही मताचा अधिकार नव्हताच. वॉशिंग्टन प्रदेशात मतदान गोऱ्या पुरुषांपुरते होते. १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही, असा निकाल दिला. ज्यांच्या नावाने माळ ओळखला जात होता, ते जॉर्ज बुश ५ एप्रिल १८६३ रोजी वारले, ते मताचा अधिकार न मिळताच. लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात येऊन त्या वेळी तीन महिने झाले होते.

आणखी एक गोष्ट मला लपवता येणार नाही. बुश यांची जमीन ज्या मातीवर होती ती माती मुळात निस्क्वाली आणि त्यांच्यासारख्या लोकांची. २६ डिसेंबर १८५४ रोजी मेडिसिन क्रीकच्या करारात सरकारने त्यांच्याकडून फार मोठा मुलूख लिहून घेतला आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत बुश यांच्या जमिनीचा कायदा झाला. करारातल्या अन्यायातून १८५५-५६ मध्ये युद्ध पेटले. निस्क्वालींचे प्रमुख लेशाय यांना १८५८ साली फाशी देण्यात आले. २००४ साली वॉशिंग्टन राज्यात भरलेल्या एका ऐतिहासिक चौकशी न्यायालयाने, त्यांच्यावर खुनाचा खटला चालवायलाच नको होता, असा निर्वाळा दिला. बुश कुटुंबाने निस्क्वालींशी माणुसकी राखली, पण ज्या व्यवस्थेने बुशना आधी नाकारले तीच व्यवस्था त्यांना जमीन देताना दुसऱ्याला बेदखल करीत होती. नाडलेल्या माणसाने जमीन मागताना ती कोणाच्या ताटातून येते हेही पाहिले पाहिजे. विद्यार्थ्यांनी चरित्रे वाचताना ही नजर ठेवावी.

आता मुलाकडे वळू. ओवेन बुश यांनी तरुणपणी कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणींवर जाऊन पाहिले, पण पुन्हा नांगराकडे आले. १८५९ साली लग्न करून त्यांनी वेगळी शेती केली आणि आई-वडिलांच्या पश्चात, १८७० च्या सुमारास, बुश प्रेअरीचा कारभार हाती घेतला. एव्हाना कायदा बदलला होता. १८६८ साली चौदाव्या घटनादुरुस्तीने नागरिकत्व आणि १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने मताचा अधिकार दिला होता. हा अधिकार कोणाच्या शिफारशीने एका ओवेन बुशना मिळालेला नव्हता. घटनेच्या शब्दांनी सर्व कृष्णवर्णीय पुरुषांना मिळाला होता.

ओवेन हे नुसते कष्टाळू नव्हे, तर अभ्यासू शेतकरी होते. बियाणे निवडणे, नवीन वाण लावून पाहणे, शेतकऱ्यांची प्रदर्शने भरवणे यात ते पुढे असत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली म्हणून १८७६ साली फिलाडेल्फियाला मोठे प्रदर्शन भरले. तिथे त्यांच्या गव्हाचा गौरव झाला. १८९३ सालच्या शिकागो प्रदर्शनातही त्यांचे धान्य झळकले. शिकागोचे हे तेच जागतिक प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत अनागारिक धम्मपाल यांनी बौद्ध धम्माची बाजू मांडली. एका बाजूला धम्माचा विचार मांडला जात होता आणि त्याच प्रदर्शनाच्या दालनांत, ज्याच्या बापाला जमीन नाकारली गेली त्या शेतकऱ्याचा गहू लोक पाहत होते.

१८८९ च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला राज्याचा दर्जा मिळाला. राज्याच्या पहिल्याच विधिमंडळात थर्स्टन काउंटीचे प्रतिनिधी म्हणून ओवेन बुश निवडून गेले. राज्यात निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय आमदार. त्या वेळी संपूर्ण राज्यात कृष्णवर्णीयांची संख्या दोन हजारही नव्हती. म्हणजे त्यांना मते पडली ती बहुतेक गोऱ्या शेजाऱ्यांची. वय सत्तावन्न. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या गावचे लोक त्यांच्या वडिलांसाठी विनंतीअर्ज करीत होते, त्याच भागाच्या वतीने आता हे विधेयके मांडत होते.

विधिमंडळात गेल्यावर त्यांनी काय केले? दोन कामे सांगतो. पहिले काम शेतकऱ्याचे. राज्यात शेतीचे शिक्षण देणारे महाविद्यालय असावे यासाठी त्यांनी विधेयक मांडले. १८९० साली त्याचा कायदा झाला, १८९२ साली पुलमन या गावी वर्ग सुरू झाले आणि तेच आजचे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ. दुसरे काम नागरिकाचे. हॉटेल, नाटकगृह, प्रवासाची साधने अशा सार्वजनिक ठिकाणी वंशावरून भेदभाव करता येणार नाही, असा कायदा १८९० साली राज्याने केला, त्यामागे ओवेन बुश यांचा पुढाकार होता. कायदा झाला म्हणजे भेदभाव संपला, असे मी म्हणणार नाही. तो पुढेही पुष्कळ वर्षे राहिला. पण अपमान झालेल्या माणसाला बोट ठेवून दाखवता येईल असे एक कलम पुस्तकात आले, ही मोठी गोष्ट होती.

बापासाठी जो कायदा झाला त्यात एका कुटुंबाचे नाव होते. मुलाने जे कायदे करवून घेतले त्यात कोणाचेच नाव नव्हते, म्हणून ते सर्वांचे होते. पुलमनच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला किंवा हॉटेलात जेवायला बसणाऱ्या माणसाला दुष्काळात धान्य वाटल्याचा दाखला द्यावा लागणार नव्हता. या कहाणीतून घ्यायचे ते मला एवढेच वाटते. आपल्यातला एखादा हुशार निघतो, मोठ्या पदावर जातो, लोक त्याला मानतात, आणि मग म्हणतात, 'तुमची गोष्ट वेगळी आहे.' हे वाक्य गोड लागते. पण त्यात मागे राहिलेल्या सर्वांचा नकार दडलेला असतो. ओवेन बुश यांचीही 'गोष्ट वेगळी' होतीच. ६४० एकरांचा मालक, गव्हासाठी नावाजलेला, शेजाऱ्यांच्या आदरातला. ते स्वस्थ बसू शकले असते. त्यांनी ती वेगळी गोष्ट सर्वांची करण्यासाठी विधिमंडळातली आपली जागा वापरली.

ओवेन बुश १९०७ साली वारले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९१३ साली, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या आणि आपल्या प्रश्नांतले साम्य सांगितले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली. जोतीरावांनी ग्रंथ अर्पण केला तिथपासून या पत्रापर्यंत हा धागा तुटलेला नाही, तो आपणही तुटू देऊ नये.

वॉशिंग्टन राज्याने १९७३ साली जेकब लॉरेन्स या नामवंत कृष्णवर्णीय चित्रकाराकडून बुश कुटुंबाच्या प्रवासाची चित्रमालिका करवून घेतली. जॉर्ज बुश यांनी शेतावर अक्रोडाच्या जातीचे एक झाड लावले होते. त्याच्या बीपासून वाढवलेले झाड ऑलिंपिया येथील विधानभवनाच्या आवारात लावण्यात आले आणि २०२१ साली तिथे बुश कुटुंबाचे स्मारक उभारले गेले. म्हणजे ज्या माणसाला मत देता आले नाही, त्याच्या झाडाचे बी आज कायदे करणाऱ्या इमारतीच्या अंगणात आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या संस्थेच्या वाचनालयात थोरांची चरित्रे आहेत. ती वाचाच. पण त्याबरोबर आपल्या घरातला सातबारा, फेरफार, जातीचा दाखला, आजोबांच्या नावाचा जुना कागद हेही एकदा वाचा. कोणता कागद मेहेरबानीने मिळाला आणि कोणता हक्काने, हे विचारा. जो हक्काने मिळाला त्यामागे कोणाचे तरी विधेयक, कोणाचा तरी सत्याग्रह असतो. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत किंवा विधानसभेत गेला, तर आपल्या हातून होणाऱ्या ठरावात एकाचे नाव आहे की सर्वांची सोय आहे, हे सही करण्यापूर्वी पाहा.



जय भीम.